तिसरा पुकारा

ॲल्डरकोट, सेंट ल्यूकच्या सणाचा दुसरा दिवस, सन १४३८

दादा,

बारा वर्षांत तुला एक ओळ पाठवली नाही आणि आता पाठवतेय ती भांडायला, हे आधीच सांगून टाकते. लिहितायत फादर डेनिस, बोलतेय मी. पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद असावा असं त्यांचं म्हणणं. म्हणून, देव तुझं भलं करो. झालं.

एमटचं लग्न ठरतंय. तू घर सोडलंस तेव्हा माझी ही मुलगी टेबलाखाली बसून तुझ्या बुटांच्या वाद्या सोडायची. आता ती माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझ्यापेक्षा उलट बोलते. मुलगा थर्स्टन, गॉडबोल्डचा धाकटा. हो, त्याच गॉडबोल्डचा. पत्र चुलीत टाकू नकोस, पुढे ऐक.

बाबांचे गुडघे गेले. माझा नवरा तापात गेला तेव्हापासून नांगरामागे मीच असते, पण कचेरीत जमीन अजून बाबांच्याच नावावर होती. या उन्हाळ्यात त्यांनी ठरवलं की पंधरा एकर आणि ओढ्याकाठचं कुरण एमट आणि थर्स्टनच्या नावे करायचं. गॉडबोल्ड मुलाबरोबर बैलजोडी देणार. दोन म्हातारे समोरासमोर बसले आणि दादा, मी सांगते, फ्रान्सच्या राजाशी तह करणं याहून सोपं असेल. बाबांना दक्षिणेची खोली हवी. थंडीत चुलीच्या उजव्या अंगाची जागा हवी, डाव्या नाही, कारण डावा कान ऐकत नाही. पाव मऊ हवा. थर्स्टनने घरात शीळ घालायची नाही. गॉडबोल्ड म्हणतो, “असं बघा, शीळ घालणं हा मुलाचा स्वभाव आहे, तो करारात कसा बसवायचा?” तेवढ्यावर एक अख्खी दुपार गेली. एमट मध्येच म्हणाली, “आजोबा, लग्न कुणाचं आहे?” तर दोघांनीही एकदम तिला गप्प केलं. तेवढं एक त्यांचं जमलं.

शेवटी बाबा मठाच्या कचेरीत उभे राहिले, रीतीप्रमाणे जमिनीच्या हक्काची काठी कारभाऱ्याच्या हातात दिली आणि जमीन सोडली. आता कारभारी ती पोरांच्या हाती देणार, तेवढ्यात त्याने नाक पुसलं आणि विचारलं, “थोरला मुलगा कुठाय?”

रीत तुला माहीत आहे. थोरला जिवंत असताना जमीन दुसऱ्याला द्यायची तर त्याने कचेरीत येऊन स्वतःच्या तोंडाने ‘माझा हक्क सोडला’ म्हणायला हवं. शिपायाने दारात उभं राहून तुझ्या नावाचा पुकारा केला. उत्तर कोण देणार? बाहेर गॉडबोल्डचं डुक्कर होतं, ते ओरडलं. सगळी कचेरी हसली. मी नाही हसले.

पुढच्या महिन्यात, सेंट कॅथरीनच्या सणाला, पुन्हा कचेरी आहे. ये. एक वाक्य बोल आणि जा. जेवलास तर ठीक, नाही जेवलास तरी ठीक. आणि गावाबाहेर राहणाऱ्याने दरवर्षी मठाला दोन खस्सी कोंबडे द्यायचे असतात, हे विसरलास वाटतं. ते बारा वर्षं कोण देतंय असं तुला वाटलं? कोंबडे स्वतःहून चालत जातात?

तुझी बहीण,
ॲव्हिस

*

ॲल्डरकोट, सेंट मार्टिनच्या सणानंतरचा शुक्रवार

दादा,

कातडी नेणाऱ्या गाडीवानाने तुझं पत्र आणून दिलं. पत्र म्हणायचं तरी कसं! बारा वर्षांनी दोन वाक्यं. लिनमध्ये शाई महाग आहे का? तुझ्या शेजाऱ्याकडून कळलं की तुझं हातमोज्यांचं दुकान चांगलं चालतं, दोन शिकाऊ पोरं आहेत. आणि मला दोन वाक्यं.

पहिलं वाक्य: ‘बाबांनी स्वतः बोलावलं तर येईन.’

मी बाबांना सांगितलं. ते बाकावर बसून घोटे चोळत होते.

“दादा म्हणतो, तुम्ही बोलावलंत तर येईल.”

“मी त्याला जा म्हटलं नव्हतं.”

“थांब तरी कुठे म्हणालात?”

“जो आपल्या पायांनी गेला, त्याला यायला माझं तोंड कशाला लागतं?”

“बाबा, एमटचं लग्न अडलंय.”

“मग त्याला सांग, तुझ्या भाचीचं लग्न अडलंय. तेवढं पुरे होत नसेल तर तो माझा मुलगा नाही.”

घ्या. एक लिनमध्ये बसलाय, एक बाकावर बसलाय, दोघांची हनुवटी एकसारखी वर, आणि मधल्या चिखलात मी. आई असती तर दोघांना एकाच लाकडाने बडवलं असतं.

मला कळतं रे, तुला काय झोंबतंय ते. तुझं सिसली गॉडबोल्डशी ठरलं होतं, तेव्हा गॉडबोल्डने एवढंच मागितलं होतं की कुरण तरी मुलाच्या नावे करा. बाबा म्हणाले, “मी मेल्यावर.” गॉडबोल्ड मुलीला घेऊन उठला, आणि आठवडा संपायच्या आत तू गेलास. आता तेच बाबा, तोच गॉडबोल्ड, तेच कुरण, आणि मिळतंय सगळं गॉडबोल्डच्या पोराला. पण यात एमटचा काय दोष? आणि सिसलीचं म्हणशील तर ती पलीकडच्या गावात गिरणीवाल्याची बायको आहे. पाच मुलं आहेत, दंड असे की पिठाचं पोतं एका हाताने उचलते. मला बाजारात भेटली. तुझं नाव काढलं तर म्हणाली, “कोण? हां, हॅमंड!” आणि मला चीज कसं दिलं ते विचारू लागली. तेव्हा तिच्यासाठी आता तू कुढू नकोस.

तुझं दुसरं वाक्य तर मला मुळीच कळलं नाही. ‘करारात तुझ्या नावे काय लिहिलंय?’ हा काय प्रश्न झाला? लग्न माझं आहे का? आहे माझं नाव त्यात. गॉडबोल्डने घातलंय. ‘वधूची आई कामाची असेल तोवर घरात राहील.’ मी कामाची आहेच. सकाळी दोन गाई, दुपारी नांगर, संध्याकाळी बाबांचे पाय. मग पुढे काय विचारायचं राहतं? फादर डेनिसनी हे लिहिताना लेखणी थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, लिहा हो, थांबताय काय.

सेंट कॅथरीनला ये. तिथून पुढे चर्चच्या नियमाने ख्रिसमसपर्यंत लग्नं बंद. नंतर जानेवारीत थोडे दिवस मोकळे, की पुन्हा ईस्टरपर्यंत बंद. आणि गॉडबोल्डच्या कानावर कुणीतरी थर्स्टनसाठी एका विधवेचं नाव घालतंय. तिची स्वतःची बियरची भट्टी आहे. ईस्टरपर्यंत तो थांबणार नाही.

ॲव्हिस

*

ॲल्डरकोट, सेंट कॅथरीनचा सण होऊन गेल्यावर

दादा,

आला नाहीस.

मी जवाचे दोन पाव जास्त भाजले होते. डुकरांना घातले.

दुसरा पुकारा झाला. या वेळी कुणी हसलंही नाही. हसले असते तर बरं वाटलं असतं. एमट माझ्या शेजारी उभी होती. आम्ही घरी परतलो. मग गोठ्याच्या दाराशी म्हणाली, “आई, मामाला मी आठवते तरी का?” मी म्हटलं, आठवत असशील. हे मी तुझ्या वतीने बोलले. खोटं असलं तर ते तुझ्या माथी.

आता नीट ऐक. खाली सांगतेय ते तुला सांगू नये असं मला बजावण्यात आलंय.

कचेरी उठल्यावर कारभाऱ्याने आम्हाला थांबवलं. त्याला बारमाही पडसं असतं, त्यामुळे तो बोलतो ते अर्धं समजतं. पण हे पूर्ण समजलं. तीन पुकारे होतात. तिसऱ्यालाही थोरला उत्तर देत नसेल, तर त्याचा हक्क कायमचा संपतो आणि रक्ताने जो पुढचा, त्याच्याकडे जातो. पुढची मी. मग ती जमीन कुणाला द्यायची ते मी बोलायचं.

गॉडबोल्डचा चेहरा असा उजळला की जणू त्यालाच जमीन मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी काखेत हंस घेऊन दारात हजर. नरमाईने बसला, पोट सावरलं.

“असं बघ ॲव्हिस, आता पत्रबित्र पाठवू नकोस. येत नाहीये ते बरंय. तिसरा पुकारा होऊन जाऊ दे. तुझ्या हातात काठी आली की तू लगेच पोरांच्या हातात दे. आईच तू, नाही थोडीच म्हणणार आहेस?”

“आणि त्याला हे माहीतच नसेल तर?”

“ज्याला घरची काळजी नाही, त्याला घरची रीत कशाला सांगायची?”

मी म्हटलं, “गॉडबोल्ड, बारा वर्षांपूर्वी तू माझ्या भावाला तोंडावर नाही म्हणालास. निदान तोंडावर म्हणालास. आणि मी त्याचं पाठीमागून काढून घेऊ?”

“अगं, काढून कुठे घेतेस? तोच येत नाही!”

“तर मग न येण्याने आपलं काय जातंय, ते त्याला माहीत असू दे.”

तो उठून गेला. हंस विसरला. मी मागून हाक मारली नाही. हंस चांगला होता.

तर आता तुला माहीत आहे. जानेवारीत, सेंट हिलरीच्या सणानंतरच्या सोमवारी, तिसरा पुकारा. आलास आणि ‘हक्क सोडला’ म्हणालास, तर बाबांनी ठरवलंय तसं होईल. आलास आणि ‘जमीन मला हवी’ म्हणालास, तरी तुला कुणी अडवू शकत नाही. मग एमटचं लग्न मोडेल आणि मी तुझं नाव पुन्हा घेणार नाही, पण तो तुझा हक्क आहे. आणि नाही आलास, तर सगळं गेलं, कायमचं. मग पुढे म्हातारपणी येऊन माझ्या दारात रडू नकोस की मला कुणी सांगितलं नाही.

मी काही संत नाही, दादा. संत असते तर इतकी चिडले नसते. फादर डेनिस म्हणतात, संतही चिडायचे. तुमचं पुरे झालं, मी त्यांना म्हटलं.

ॲव्हिस

*

ॲल्डरकोट, सेंट हिलरीच्या सणानंतरचा गुरुवार

दादा,

तू तिथे होतास!

त्याला तीन दिवस झाले. आज फादर डेनिसना मीच शोधून घरी घेऊन आले, कारण हे पोटात राहिलं तर मला जेवण जाणार नाही.

बर्फ पडलं होतं, म्हणून कचेरी मठाच्या कोठारात भरली होती. आम्ही पुढच्या बाकावर. एका अंगाला गॉडबोल्ड, मध्ये पोरं, या अंगाला मी आणि बाबा. कारभारी शिंकला, शिपाई दाराशी गेला. दार अर्धं उघडं. बाहेर बर्फात टोपी पुढे ओढलेला एक माणूस उभा. आधी वाटलं, कुणी वाटसरू शेकायला आलाय. मग त्याने डाव्या पायावरचा भार काढून उजव्यावर टाकला. कोठाराच्या माळ्यावरून तू पडल्यापासून जगात असा एकच माणूस उभा राहतो.

शिपाई तुझ्यापासून दोन हातांवर उभा राहून ओरडला, “हॅमंड, रेनल्डचा मुलगा! हजर आहे का?” पोरगा नवीन आहे, तुला ओळखत नाही. तू त्याच्याकडे असं पाहिलंस, जणू तो दुसऱ्याच कुणाला बोलावतोय.

“हॅमंड, रेनल्डचा मुलगा!”

मी उठायला लागले. मला वाटलं, तू आत येतोस आणि आता सगळं मोडतंय, किंवा सगळं जुळतंय. काहीही असो, पण तोंड तरी उघड! तेवढ्यात बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांचा हात केवढा घट्ट आहे अजून. त्यांनी तुला माझ्या आधी पाहिलं होतं.

“बस,” ते म्हणाले.

“बाबा, तो...”

“त्याला तोंड आहे. बस.”

शिपायाने तिसऱ्यांदा पुकारलं. तू गप्प. कारभाऱ्याने लिहिलं, ओल्या शाईवर वाळू टाकली आणि म्हणाला, “थोरल्याचा हक्क संपला. ॲव्हिस, रेनल्डची मुलगी, पुढे ये.”

आणि काठी माझ्या हातात आली.

दादा, ती काठी मी कितीदा पाहिली असेल. साधी आहे, एका टोकाला चिरलेली. पण हातात घेतली आणि मला काय झालं कोण जाणे. गॉडबोल्ड मागून म्हणत होता, “हां, आता दे पोरांना, दे.” आणि माझ्या डोक्यात तुझं ते चिडीला आणणारं वाक्य. करारात तुझ्या नावे काय लिहिलंय? कामाची असेल तोवर. आणि नसेन तेव्हा? बाबांचे गुडघे गेले तसे माझे जातील तेव्हा? तेव्हा थर्स्टन मला ठेवील, तो भला आहे. पण गॉडबोल्डही ऐंशी वर्षं जगणाऱ्या घराण्यातला आहे, आणि तोवर पोरगा बापाचंच ऐकणार.

तेव्हा कुठे मला कळलं, तू का गप्प उभा होतास ते. आत येऊन ‘सोडला’ म्हणाला असतास, तर जमीन म्हाताऱ्यांच्या कराराप्रमाणे सरळ पोरांकडे गेली असती. तू गप्प राहिलास, म्हणून ती माझ्या हाती आली. तुझा सगळा हक्क गेला, फक्त एवढ्यासाठी. आणि हे सगळं न बोलता! एका ओळीने सांगता आलं असतं ना? ‘ॲव्हिस, मी गप्प राहणार आहे, घाबरू नकोस.’ दोन महिने मी रात्री छताकडे बघत काढले, मूर्ख माणसा.

कारभारी म्हणाला, “बोला बाई, कुणाच्या नावे?”

“माझ्या,” मी म्हटलं.

कोठारात कुणीतरी खोकलं.

“मी आहे तोवर माझ्या. पोरं माझ्याबरोबर राहतील, बरोबर कसतील, निम्मं धान्य त्यांचं. माझ्यामागे सगळं एमट आणि थर्स्टनचं. बाबांना जे हवं ते बाबांना.”

गॉडबोल्ड उठला. मान लाल. “हे ठरलं नव्हतं! माझा मुलगा सासूच्या हाताखाली राबेल? चल रे थर्स्टन, घरी.”

थर्स्टनबद्दल माझं मत फारसं चांगलं नव्हतं, मी कबूल करते. चार शब्द बोलायला त्याला अर्धा दिवस लागतो. तो उठला आणि मला वाटलं, चाललं सगळं. पण तो एमटच्या दुसऱ्या बाजूला, माझ्या रिकाम्या जागेवर येऊन बसला.

“तुम्ही व्हा पुढे बाबा. मी नंतर येतो.”

“नंतर म्हणजे कधी?”

“लग्न झालं की.”

एमट हसली. सेंट ल्यूकपासून मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. कारभाऱ्याने लेखणी उचलून विचारलं, “मोडलं असं लिहू का गॉडबोल्ड? मला सूर्य मावळायच्या आत मठात पोचायचंय.” गॉडबोल्ड बराच वेळ बैलांबद्दल पुटपुटला. मग म्हणाला, असं बघा, बैल देतो, पण तुमच्या गाईचं पहिलं वासरू माझं. मी म्हटलं, दुसरं. ठरलं.

मी काठी ठेवून दाराकडे धावले. तू नव्हतास. बर्फात पावलं लिनच्या रस्त्याला लागलेली, आणि त्यावर आणखी पडत होतं. दिवसाची वाट तुडवून आलास, थंडीत गोठत उभा राहिलास आणि गरम पेज न घेता परत गेलास. तुझ्यासारखा हट्टी माणूस या परगण्यात दुसरा एकच आहे आणि तो माझ्या मागे काठी टेकत दारापर्यंत आला होता.

“गेला?” बाबांनी विचारलं.

“गेला.”

ते कितीतरी वेळ रस्त्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बूट चांगले होते त्याचे.”

रविवारी लग्न आहे, चर्चच्या दारात, सकाळच्या प्रार्थनेआधी. एमटने निरोप दिलाय की मामा आला नाही तर ती थर्स्टनला होय म्हणणार नाही. म्हणेल, तू घाबरू नकोस, पण तिने असं म्हटलंय.

इथपर्यंत लिहून झालं आणि बाबा आत आले. फादर डेनिसच्या समोर बसले. गुडघे चोळले. म्हणाले, “लिनला लिहिताय?”

“हो,” फादर म्हणाले.

“लिहा. ओढ्याकडचा चर बुजलाय. पाणी कुरणात साचतंय. थर्स्टनला चर काढता येत नाही, त्याचा हात सरळ जात नाही. हॅमंडला येतो.”

फादर डेनिसनी विचारलं, “म्हणजे ‘ये’ असं लिहू?”

“मी चराबद्दल बोललो,” बाबा म्हणाले आणि उठून गेले.

फादरनी शब्दाला शब्द लिहिलंय. मी मागून चिखल तुडवत ओढ्यावर जाऊन आले. चर साफ आहे, दादा. पाणी खळखळ वाहतंय.

तुझी,
ॲव्हिस